शेवटच्या खांबावरची नोंद

परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झालं. तेव्हापासून या टापूत एक समज घट्ट रुजला आहे: वीज आपल्या उशाशी तयार होते, म्हणजे ती आधी आपल्याला मिळायला हवी. धर्मापुरी हे परळीच्या शेजारचं गाव. बाहेरच्या लोकांना ते केदारेश्वराच्या चालुक्यकालीन देवळामुळे माहीत असतं. गावातल्या शेतकऱ्याला मात्र विचारलं, तर तो सांगेल की केंद्र इतकं जवळ असूनही विहिरीवरची मोटार उचलत नाही. त्याची तक्रार खरी आहे, तिचं कारण मात्र वेगळं आहे. परळीत तयार झालेली वीज थेट धर्मापुरीला येत नाही. ती उच्चदाबाच्या जाळ्यात जाते आणि गावाला जे मिळतं ते त्या जाळ्यातून, उपकेंद्रातून, फीडरवरून आणि शेवटी डीपीवरून, म्हणजे गावाच्या रोहित्रावरून, मिळतं. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे पाणी संपलं आणि परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले, तेव्हाही गावांतले दिवे केवळ त्या कारणानं विझले नाहीत. आणि संच पूर्ण क्षमतेनं चालतात तेव्हाही शेवटच्या खांबावरचा दाब आपोआप सुधारत नाही.

ही पुस्तिका त्या शेवटच्या खांबाविषयी आहे. तिथं विजेचं नेमकं काय होतं हे लांबून, मोबाईलवर किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये पाहता यावं, म्हणून जे यंत्र बसवतात ते कसं बसवायचं आणि त्यात काय काय भरायचं, हे पुढच्या पानांत आलं आहे. आयटीआय झालेली मुलं, गावातले वायरमन, दूध संकलन केंद्र किंवा पाणीपुरवठा योजना सांभाळणारी माणसं हा तिचा वाचक. प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते एवढंच, की पडद्यावर दिसणारा आकडा खरा की खोटा हे यंत्र ठरवत नाही, ते बसवणारा माणूस ठरवतो. आणि विजेची नोंद जिथं वीज वापरली जाते तिथं व्हायला हवी.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. मॉनिटरच्या पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी. दिसायला ते भावंडांसारखे असले तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एकाच लयीत जोडलं गेलं. त्या दिवसापासून धर्मापुरीच्या सॉकेटमधली फ्रीक्वेन्सी आणि दक्षिणेतल्या कुठल्याही सॉकेटमधली फ्रीक्वेन्सी एकच आहे, ५० हर्ट्झच्या आसपास. ती सांभाळणं देशभरच्या भार प्रेषण केंद्रांचं काम. व्होल्टेज मात्र तुमच्या गल्लीचं असतं. उपकेंद्रात ते चोख असेल आणि दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर मोटार जळण्याइतकं खाली आलेलं असेल. तारेची जाडी, तारेची लांबी, डीपीवर किती मोटारी आहेत, सांध्यांची अवस्था, आकडे टाकून किती वीज ओढली जाते, या सगळ्यांवर ते ठरतं. म्हणून फ्रीक्वेन्सी कुठंही मोजली तरी चालते, पण व्होल्टेज जिथं वापर आहे तिथंच मोजावं लागतं.

वीजपुरवठ्याचे अधिकृत आकडे मात्र बहुतेक फीडरच्या पातळीवर गोळा होतात. उपकेंद्रातून ११ किलोव्होल्टचा फीडर किती तास चालू होता, किती वेळा बंद पडला, हे तिथं समजतं. फीडर चालू असताना शिवारातली एखादी डीपी जळून आठवडाभर पडली असेल, तर फीडरच्या खात्यात ते आठवडाभर ‘पुरवठा सुरू’ असंच राहतं. शिवाय गावठाण आणि शेती यांचे फीडर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वेगळे केलेले आहेत. त्यामुळे घरातल्या बोर्डावर बसवलेला मॉनिटर विहिरीविषयी काहीच सांगत नाही. ज्याची चिंता आहे त्याच जागी यंत्र बसायला हवं.

ही गोष्ट पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं फार आधी ओळखली. त्यांनी एक छोटं यंत्र तयार केलं, साध्या प्लगमध्ये बसणारं. ते दर मिनिटाला व्होल्टेज नोंदवायचं आणि मोबाईलच्या जाळ्यातून मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवायचं. तिथून ते आलेखाच्या रूपात कोणालाही संकेतस्थळावर पाहता येत असे. २०१४ नंतरच्या काही वर्षांत अशी यंत्रं देशभर शेकडो घरांत, दुकानांत आणि शेतांवर बसली. त्या उपक्रमाचं मोल मला तंत्रापेक्षा वेगळ्याच ठिकाणी दिसतं. ‘आमच्याकडे लाईट नसते’ हे वाक्य कोणीही ऐकून सोडून देतं. ‘या महिन्यात संध्याकाळी सहा ते अकरा या वेळेत इतके तास पुरवठा नव्हता आणि इतके तास दाब इतका कमी होता’ असं सांगितलं, की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. घरात वीज आली एवढ्यानं विद्युतीकरण पूर्ण होत नाही, ती कशी येते हेही मोजलं पाहिजे, हा आग्रह त्या कामानं धरला.

दुसरं उदाहरण शेतातलं आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केलं. शेतकऱ्यानं मोबाईलवरून फोन लावायचा, पंप चालू किंवा बंद करायचा आणि तिथं वीज आहे की नाही हेही फोनवरच समजून घ्यायचं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. रात्रीच्या पाळीत वीज आली की अंधारात बांधावरून जायचं, साप-विंचवाची भीती, आणि पोचल्यावर कळायचं की एक फेज नाही. ज्यानं हे भोगलं आहे त्याला या उपकरणाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. आज गावोगाव ‘मोबाईल स्टार्टर’ मिळतात. वेबवर चालणारा मॉनिटर ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे. स्टार्टर आत्ताचं सांगतो. मॉनिटर आत्ताचं सांगतो आणि मागचंही सांभाळून ठेवतो.

आता बसवण्याकडे वळतो.

यंत्राचे भाग थोडेच. तिन्ही फेजवर बसणारे सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेजसाठी फ्यूजमधून घेतलेल्या तारा. आकडे मोजणारा मल्टिफंक्शन मीटर. त्या मीटरकडून आकडे उचलून इंटरनेटवर पाठवणारा गेटवे, सिमकार्ड आणि अँटेना. आणि हे सगळं सामावून घेणारा बॉक्स. चुका बहुतेक सीटीपाशी होतात. सीटीला दिशा असते, तो उलटा बसला की त्या फेजची वीज वजा धरली जाते. तीन फेजवर सारखा भार असताना एकच सीटी उलटा असेल, तर पडद्यावर खऱ्याच्या एक तृतीयांश किलोवॅट दिसतात. दोन सीटींची आपसांत अदलाबदल झाली, तर सारख्या भारावर एकूण किलोवॅट शून्याजवळ येतात, मोटार मात्र धडधडत असते. १०० भागिले ५ चा सीटी बसवून मीटरमध्ये २०० भागिले ५ भरलं, तर सगळा वापर दुप्पट दिसतो. यातली एकही चूक यंत्र स्वतःहून सांगत नाही. आलेख तितकाच देखणा दिसतो. म्हणून बसवल्यावर क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक फेजचा करंट पडद्याशी ताडून पाहायचा, तिन्ही फेजचे किलोवॅट अधिक चिन्हाचे आहेत ना आणि पॉवर फॅक्टर मोटारीला शोभेल असा आहे ना, हे पाहायचं. हे केल्याशिवाय बॉक्सचं दार लावू नये.

एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून ती इथंच सांगतो. तारेतून करंट वाहत असताना सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी ठेवायची नाही. तिथं जीवघेणा दाब तयार होतो. मीटर काढायचा असेल, तर आधी सीटीची टोकं आपसांत जोडून घ्यायची. आणि मोजणी नेहमी आपल्या मीटरच्या पुढे, आपल्या बाजूला. डीपी, खांब आणि सील केलेला मीटर यांना हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिथं काम करायचं तर महावितरणची परवानगी आणि परवानाधारक माणूस लागतो.

बॉक्सच्या जागेचाही विचार करावा लागतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात ठेवलेल्या लोखंडी पेटीच्या आतलं तापमान इलेक्ट्रॉनिक्सला झेपत नाही. सावलीची भिंत, धूळ-पाणी आत न जाणारी पेटी, तारांच्या भोकांना ग्लँड, म्हणजे पाल आणि मुंग्या आत शिरणार नाहीत. वळवाच्या पावसाआधी विजा पडतात, त्यासाठी सर्ज अरेस्टर हवा आणि त्याला खरी अर्थिंग हवी. अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल, तर अरेस्टर असून नसल्यासारखा.

मीटर आणि गेटवे यांच्यात दोन तारांवर संवाद चालतो. मॉडबस नावाची ही बोली १९७९ पासून वापरात आहे, म्हणून ती बहुतेक कंपन्यांच्या मीटरना येते. पण इथंही जपून. मीटरचा क्रमांक, वेग आणि पॅरिटी दोन्ही बाजूंना सारखी हवी. मीटरच्या माहितीपत्रकात नोंदवहीचा पत्ता ४०००१ लिहिलेला असतो आणि गेटवेत तोच ० म्हणून भरावा लागतो. एका घराचा फरक पडला, तर व्होल्टेजच्या जागी करंट दिसतो. दशांशातला आकडा दोन तुकड्यांत येतो; त्यांचा क्रम उलटा झाला, तर २३० च्या जागी कधी शून्य येतं, कधी अर्थ नसलेला काहीतरी आकडा. या सेटिंगला कंटाळून अनेक जण ‘यंत्र खराब आहे’ म्हणून परत पाठवतात. पुस्तिकेत याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, आणि ती योग्यच आहेत.

घड्याळाचं तसंच. अनेक गेटवे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. संध्याकाळी सहाला गेलेली वीज दुपारी साडेबाराला गेल्याची नोंद झाली, तर ती नोंद घेऊन कुठल्या कार्यालयात जाणार? शेतीचा पुरवठा पाळीनं येतो, दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी. तिथं वेळ चुकली की अख्खी वही वाया जाते.

वीज गेली की मॉनिटरही बंद पडतो, हे ऐकायला साधं वाटतं पण यातच खरी परीक्षा आहे. छोटी बॅटरी दिली, तर यंत्र ‘वीज गेली’ असं कळवू शकतं. पण वीज बराच वेळ गेली, तर गावातला मोबाईल टॉवरही मान टाकतो. मग पडद्यावर रिकामी जागा दिसते आणि ती रिकामी जागा वीज नसल्याची की रेंज नसल्याची हे कळत नाही. उपाय असा, की यंत्रानं आकडे स्वतःपाशी साठवावेत आणि जाळं परत आलं की मागचे सगळे क्रमानं पाठवावेत. हे न करणारं यंत्र खेड्यात घेऊ नये, कितीही स्वस्त असलं तरी. डेटाची काळजी करायचं कारण नाही: दर मिनिटाला शंभर अक्षरांची एक ओळ पाठवली, तरी दिवसाचे आकडे दीडशे किलोबाइटच्या आत बसतात.

किती वेळानं नोंद करायची, यावर मी ठाम आहे. दिवसाची सरासरी निरुपयोगी असते. अर्धा दिवस १९० आणि अर्धा दिवस २६० व्होल्ट असेल, तर सरासरी २२५ येते आणि कागदावर सगळं छान दिसतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ५४ व्या नियमानं लघुदाबाला ठरलेल्या दाबाच्या वर-खाली ६ टक्क्यांची मर्यादा घातली होती. २३० व्होल्ट धरले, तर ती २१६ ते २४४ होते. वरच्या उदाहरणात एकही क्षण त्या मर्यादेत नाही. दर मिनिटाची नोंद ठेवा, आणि प्रत्येक टप्प्यातला सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडाही ठेवा.

तिन्ही फेज वेगवेगळे नोंदवले, की त्यांतून वाचता येण्यासारखं पुष्कळ असतं. दोन फेजवर २३० आणि तिसऱ्यावर काहीच नाही, तर बहुधा डीपीच्या खालच्या बाजूचा फ्यूज गेला आहे. एकावर २३० आणि उरलेल्या दोन्हींवर त्याच्या निम्म्याच्या आसपास असेल, तर वरच्या ११ किलोव्होल्टच्या बाजूचा डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला असण्याची शक्यता मोठी. जुना वायरमन हे बल्बच्या उजेडावरून ओळखतो. नव्या वायरमनला तेच घरून, निघण्याआधी कळलं, तर तो योग्य सामान घेऊन निघेल. पाळी सुरू होण्याच्या क्षणाचा आलेखही पाहण्यासारखा असतो. मोटारींना ‘ऑटो’ लावलेले असतील, तर वीज येताच सगळ्या एकदम उचलतात, व्होल्टेज कोसळतं, आणि याच धक्क्यांनी डीपी जळतात. महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर लावा असं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. ती सूचना भिंतीवर वाचून पटत नाही. आपल्याच डीपीवरच्या दाबाची ती घसरण डोळ्यांनी पाहिली, की एका डीपीवरचे शेतकरी आपसांत वेळा ठरवून घेऊ शकतात. मॉनिटर फक्त कार्यालयाला जाब विचारण्यासाठी नाही.

वेब म्हटलं की कुलूप आलं. गेटवे कारखान्यातून येताना त्याचा पासवर्ड ठरलेला असतो आणि तो सगळ्या जगाला माहीत असतो. पहिल्या दिवशी तो बदलायचा. साध्या सिमवर बाहेरून थेट यंत्रापर्यंत पोचता येत नाही, म्हणून काही जण मुद्दाम खास सिम घेऊन यंत्राचं दार इंटरनेटला सताड उघडतात. तसं करू नका. यंत्रानं स्वतः बाहेर सर्व्हरकडे आकडे पाठवावेत आणि आपण सर्व्हरवर पाहावं. ज्या यंत्रातून मोटार चालू-बंदही करता येते, तिथं तर ही काळजी दुप्पट: विहिरीत उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर कोणी लांबून मोटार सुरू करू नये, म्हणून जागेवर हातानं बंद करायचा स्विच हवाच, आणि तो लांबून बदलता येता कामा नये.

इशाऱ्यांबद्दल थोडं. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं की मेसेज, वर आलं की मेसेज, असं ठेवलं तर दोन दिवसांत माणूस ते वाचणं बंद करतो. दाब सलग काही मिनिटं कमी राहिला तरच इशारा जावा, आणि तो थोडा वर येऊन स्थिरावल्यावरच मिटावा. मेसेज कोणाला जाणार हे गावानं ठरवायचं आहे. दूध शीतकरणाच्या टाकीचा इशारा जनरेटर चालवणाऱ्याला जावा, अध्यक्षांना नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रीजचा इशारा रात्री मुक्कामी असलेल्या कर्मचाऱ्याला जावा. ज्याच्या हातात काही करण्यासारखं आहे, त्याच्याच फोनवर.

या नोंदींना कायद्यात बिलाच्या मीटरचं स्थान नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण वीज कायदा २००३ च्या ५७ व्या कलमानं पुरवठ्याचा दर्जा ठरवण्याचा अधिकार वीज नियामक आयोगाला दिला आहे, आणि २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी खंडित पुरवठ्यावर शक्य तितक्या स्वयंचलित साधनांनी लक्ष ठेवण्याची यंत्रणा उभारण्याची जबाबदारी वितरण कंपन्यांवर टाकली आहे. तक्रार घेऊन आधी कार्यालयात, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, मग विद्युत लोकपालांकडे जाता येतं. तिथं महिन्याभराची मिनिटवार नोंद दाखवून ‘तुमचं यंत्र लावून तपासा’ असं म्हणता येतं, आणि त्या मागणीला वजन असतं. पीएम-कुसुम योजनेतल्या सौर पंपांवर दुरून देखरेखीची सोय असते, नव्या स्मार्ट मीटरमधूनही आकडे आपोआप जातात. ते आकडे गावालाही वाचता यावेत, त्यांचा अर्थ लावणारी दोन-तीन माणसं प्रत्येक गावात असावीत, यासाठी मला ही पुस्तिका हवीशी वाटते.

बसवणाऱ्यांना एक विनंती. काम झाल्यावर एक कागद लिहा: सीटीचं गुणोत्तर, मीटरचा क्रमांक आणि वेग, कोणता सीटी कोणत्या फेजवर, सिमचा नंबर आणि त्याचं रिचार्ज कधी संपतं, क्लॅम्प मीटरनं ताडलेले आकडे, तारीख. तो प्लॅस्टिकमध्ये घालून बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. तो ग्रामपंचायतीत किंवा संस्थेच्या कपाटात वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि पाकीट कोणाकडे आहे हे किमान दोघांना माहीत असू द्या.